रिझर्व्ह बँक आहे, सेबी आहे, मग पैसे अडकतात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: आईवडिलांच्या निवृत्तीच्या पैशांपैकी बराचसा भाग एका नागरी सहकारी बँकेत आहे, काही गावातल्या पतसंस्थेत आणि थोडा म्युच्युअल फंडात. बँकांवर रिझर्व्ह बँकेची आणि शेअर बाजारावर सेबीची नजर असताना लोकांचे पैसे अडकतात कसे? आणि या सगळ्यावर एकच संस्था का नेमत नाहीत?

मी सनदी लेखापाल आहे. तीसहून जास्त वर्षं बँकांचं लेखापरीक्षण केलं, त्यातली बहुतेक पश्चिम महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांमध्ये गेली. नियम कमी होते म्हणून पैसा बुडाला, असं मी फार क्वचित पाहिलं. बहुतेक वेळा तो दोन नियामकांच्या हद्दी जिथे मिळतात, त्या बांधावर बुडाला. बांध कुणाचा, हे ठरेपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं. त्यामुळे उत्तर देताना मी नियमांपेक्षा या बांधांबद्दलच जास्त बोलणार आहे.

आधी दोन संस्था का, ते बघू. तुमचे वडील बँकेत लाख रुपये ठेवतात, तेव्हा ते बँकेला उसने देत असतात. बँकेनं ते पुढे कुणाला दिले, परत आले की बुडाले, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मुदत संपली की लाख रुपये आणि व्याज हातात पडलं पाहिजे. हा शब्द पाळायचा तर बँकेकडे स्वतःचं भांडवल हवं, थकलेल्या कर्जांसाठी नफ्यातून केलेली तरतूद हवी, ठेवींचा काही हिस्सा रोख आणि सरकारी रोख्यांत हवा. रिझर्व्ह बँक मुख्यतः हे तपासते. शेअर घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो धंद्यात भागीदार होतो आणि त्याला ठरावीक रकमेचा शब्द कुणीच दिलेला नसतो. भाव पडून झालेलं नुकसान सेबी भरून देत नाही, देऊही नये. कंपनीनं खरी माहिती दिली का, भाव कुणी संगनमतानं चढवला का, घेतलेला शेअर वेळेवर खात्यात आला का, हे सेबीनं बघायचं.

या दोन कामांत खरोखरच ताण आहे. अडचणीतल्या बँकेबद्दल रिझर्व्ह बँकेला शेवटपर्यंत शांतता हवी असते, कारण बातमी फुटली की रांगा लागतात आणि बरी होऊ शकणारी बँकही मरते. सेबीला मात्र वाईट बातमी त्याच दिवशी जाहीर झालेली हवी असते. एकाच माणसाला दोन्ही कामं दिली तर तो एकाकडे डोळेझाक करणार. ब्रिटननं बँका, विमा आणि बाजार यांच्यासाठी एकच देखरेख संस्था करून पाहिली. २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या, आणि २०१३ मध्ये त्यांनी ते काम पुन्हा दोन संस्थांत विभागलं. त्यामुळे एकच संस्था हवी, हे मला पटत नाही. हद्दी असणारच. त्या हद्दींवर कोण उभं आहे, हे मात्र विचारायला हवं.

आपल्याकडचे बहुतेक नियम कुणाच्या तरी पैशांची माती झाल्यावर आले आहेत. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून दोन गोष्टी झाल्या. बँकिंग कायद्यात दुरुस्ती होऊन कमकुवत बँकेचं सक्तीनं विलीनीकरण करण्याची सोय झाली. पुढच्या काही वर्षांत अनेक छोट्या बँका मोठ्या बँकांत गेल्या आणि त्यांचे ठेवीदार वाचले. दुसरी गोष्ट म्हणजे ठेव विमा. १ जानेवारी १९६२ पासून तो सुरू झाला, तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि मग जवळजवळ सत्तावीस वर्षं तिथेच अडकून पडली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे.

आता नागरी सहकारी बँकांकडे येतो. देशात अशा सुमारे दीड हजार बँका आहेत आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रात. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला, पण अर्धाच. परवाना, राखीव निधी, तपासणी हे रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ, लेखापरीक्षकाची नेमणूक, विलीनीकरण, अवसायन (म्हणजे बँक बंद करून तिची देणी-घेणी मिटवणं) हे सहकार खात्याकडे, म्हणजे राज्याच्या निबंधकाकडे, आणि बँक एकापेक्षा जास्त राज्यांत असेल तर दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे. डॉक्टरनं नाडी बघायची पण औषध दुसऱ्यानं द्यायचं, अशी ही व्यवस्था होती. १९६० नंतर आलेलं सक्तीच्या विलीनीकरणाचं हत्यारही सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या हातात नव्हतं.

यातून काय व्हायचं ते मी जवळून पाहिलं. नाव घेत नाही. ती बँकही आता नाही. तालुक्याच्या गावातली, सात-आठ शाखांची बँक. मार्चअखेर सगळी कर्जं व्यवस्थित दिसत होती. मी एप्रिलच्या नोंदी काढायला सांगितल्या, कारण कर्जाची खरी तब्येत एप्रिलमध्येच कळते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकरा थकीत खाती पूर्ण भरलेली होती. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अकरा नवीन कर्जं मंजूर झाली होती. नावं वेगळी, पत्ते तेच. कुठे सुनेच्या नावानं, कुठे ड्रायव्हरच्या. शेतकऱ्यांच्या भाषेत याला ‘नवं-जुनं’ म्हणतात. पीक कर्जात ते निदान उघडपणे होतं. इथे मात्र एका व्यापारी कुटुंबाचं बुडीत कर्ज चार वर्षं ताजं म्हणून दाखवलं जात होतं आणि त्याच ‘नफ्या’तून लाभांशही वाटला जात होता. मी अहवालात लिहिलं. नंतर रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतही तेच आलं. पण मंडळ बरखास्त करायचं तर मागणी रिझर्व्ह बँकेनं करायची आणि आदेश सहकार खात्यानं काढायचा. खुलासे, मुदतवाढ, पुन्हा खुलासे, यात वर्षाहून जास्त काळ गेला. तेवढ्यात ज्यांना आतली खबर होती त्यांनी मोठ्या ठेवी काढून घेतल्या. पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले तेव्हा आत राहिले ते छोटे ठेवीदार. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक मला बँकेच्या पायऱ्यांवर भेटले. “साहेब, तुम्ही तर दरवर्षी तपासायला यायचात ना?” एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अहवाल लिहून माझं काम कायद्यानं संपलं होतं, पण त्यांचे पैसे काही परत आले नव्हते.

व्यापारी बँक आणि सहकारी बँक यांच्यातला हा फरक सगळ्या देशाला दिसला तो २०१९-२० मध्ये. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला एका खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७० टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होतं आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली होती. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ५ मार्च २०२० रोजी येस बँक या खासगी व्यापारी बँकेच्या व्यवहारांवर स्थगिती आली. स्टेट बँकेला पुढे करून पुनर्रचना झाली आणि १८ मार्चला खाती पूर्ववत सुरूही झाली. तेरा दिवस. पीएमसीचे ठेवीदार मात्र २५ जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं चार महिने लटकले. मग ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि तेव्हाही ५ लाखांवरची रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं देण्याची योजना होती. येस बँक आकारानं कितीतरी मोठी होती, तिला सरकारचा आणि मोठ्या बँकांचा आधार मिळाला, हे खरंच. पण कायद्याचा फरकही तेवढाच मोठा होता. व्यापारी बँकेची पुनर्रचना करण्याचा थेट अधिकार रिझर्व्ह बँकेला होता, सहकारी बँकेच्या बाबतीत नव्हता. लक्ष्मी बँकेनंतर साठ वर्षांनी, जून २०२० च्या अध्यादेशानं आणि सप्टेंबरमधल्या कायद्यानं तो मिळाला. आता मंडळ बरखास्त करणं, विलीनीकरणाची योजना करणं, लेखापरीक्षकाच्या नेमणुकीला पूर्वमान्यता देणं हे रिझर्व्ह बँकेकडे आहे. एका कर्जदाराला पहिल्या दर्जाच्या (म्हणजे बँकेच्या स्वतःच्या मुख्य) भांडवलाच्या १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्के, ही कर्जमर्यादाही मार्च २०२० मध्ये आली.

दुसरी दुरुस्ती २०२१ ची, आणि माझ्या मते सामान्य ठेवीदारासाठी तीच जास्त मोलाची. पूर्वी ठेव विमा मिळायचा तो बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक नेमल्यावर. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं बँक जिवंतही नव्हती आणि मेलेलीही नव्हती. पुण्यातल्या कितीतरी निवृत्तांचं म्हातारपण त्या नऊ वर्षांत गेलं. १ सप्टेंबर २०२१ पासून नियम असा आहे की निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची. पहिल्या ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी द्यायची, उरलेल्या दिवसांत ठेव विमा महामंडळानं पडताळणी करून पैसे पाठवायचे. रुपी बँकेच्या ठेवीदारांनाही विम्याचे पैसे मिळाले ते या दुरुस्तीमुळेच.

बँक आणि शेअर बाजार यांच्यामधला बांध आणखी जुना. १९९२ चा रोखे घोटाळा बहुतेकांना हर्षद मेहतांचा म्हणून आठवतो, पण त्याचं एक टोक कराडमध्ये होतं. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकायच्या, तेव्हा प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची पावती दिली जायची. व्यवहार दलालामार्फत व्हायचा. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांच्या नावानं हातात रोखे नसताना पावत्या निघाल्या, त्या दाखवून मोठ्या बँकांकडून पैसे उचलले गेले आणि ते शेअर बाजारात ओतले गेले. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या जानकीरामन समितीनं हा हिशेब ४,००० कोटी रुपयांच्या घरात मांडला. पैसा निघाला रिझर्व्ह बँकेच्या हद्दीतून आणि पोहोचला सेबीच्या हद्दीत. सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली होती, पण तिला कायद्याचे अधिकार मिळाले ते जानेवारी १९९२ च्या अध्यादेशानं, म्हणजे घोटाळा उघड होण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. बँक ऑफ कराड अवसायनात गेली आणि पुढे बँक ऑफ इंडियानं ती घेतली. नऊ वर्षांनी अहमदाबादची माधवपुरा ही नागरी सहकारी बँक त्याच वाटेनं गेली. शेअर दलाल केतन पारेखला दिलेल्या पैशांत ती अडकली आणि त्यानंतर नागरी बँकांना शेअर दलालांना कर्ज देण्याची बंदी झाली.

तिसरा बांध आणखी फसवा, कारण तिथे संस्था स्वतःच हद्द बदलत राहते. सहारा समूहाचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्यांच्या वित्तीय कंपनीला नवीन ठेवी घेण्यापासून रोखलं. त्याच सुमारास समूहाच्या दुसऱ्या दोन कंपन्यांनी परिवर्तनीय, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या, कर्जरोख्यांच्या नावानं लोकांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. कायद्याच्या भाषेत ती ठेव नव्हती. तेव्हाच्या कायद्यानुसार पन्नास किंवा त्याहून जास्त लोकांकडे रोखे विकायला गेलात की तो सार्वजनिक इश्यू व्हायचा आणि सेबीचे नियम लागायचे. इथे गुंतवणूकदार कोट्यवधी होते, आणि कंपन्या म्हणत होत्या की हा खासगी व्यवहार आहे. ३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं सुमारे २४,००० कोटी रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. याच काळात समूहाच्या बहुराज्य सहकारी पतसंस्था उभ्या राहिल्या, म्हणजे तिसरीच हद्द. त्या पतसंस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्रीय निबंधकांचं परतावा पोर्टल जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. एजंट तोच, पावती फाडणारा हात तोच, कागदावरचं नाव तेवढं बदलत गेलं.

यावरून पतसंस्थेकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी ठेव तीच आहे. गावातली पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, रिझर्व्ह बँकेची तपासणी नाही, ठेव विमा नाही. आपल्या भागात हजारो पतसंस्था आहेत आणि त्यांतल्या कितीतरी मनापासून चांगलं काम करतात. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला बँक दारात उभं करत नाही, तेव्हा पतसंस्थाच उपयोगी पडते. पण काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट सगळं बँकेसारखं दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की संरक्षणही बँकेसारखं असेल. ते नाही. संचालक प्रामाणिक असतील तोवर पैसा सुरक्षित. ते बदलले किंवा त्यांचा मोह वाढला, तर ठेवीदारासाठी मागे रिझर्व्ह बँक किंवा ठेव विमा उभा नाही.

म्युच्युअल फंडाबद्दल थोडक्यात. तिथे तुमचा पैसा विश्वस्त संस्थेत असतो, रोखे आणि शेअर वेगळ्या अभिरक्षकाकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या संस्थेकडे, असतात, आणि पैसे गुंतवणारी कंपनी फक्त व्यवस्थापक असते. ती कंपनी बंद पडली तरी तुमची युनिट्स तिच्या धनकोंना मिळत नाहीत. भावाची जोखीम मात्र पूर्ण तुमची. पैसे तात्पुरते अडकूही शकतात. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटननं सहा कर्जरोखे योजना बंद केल्या, तेव्हा लोकांना टप्प्याटप्प्यानं पैसे मिळेपर्यंत थांबावं लागलं. शेअर थेट घेत असाल तर दलालाकडे काय पडून आहे ते पाहत जा. कार्वी या दलाल कंपनीनं ग्राहकांचे शेअर गहाण टाकून स्वतःसाठी कर्ज उचललं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीनं त्यावर आदेश काढला आणि सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठीचे, म्हणजे सौद्यांसाठी दलालाकडे तारण द्यायचे, शेअर ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात ठेवून तिथूनच तारण देण्याची पद्धत आली. आता डिपॉझिटरीकडून, म्हणजे डीमॅट खात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, येणारा प्रत्येक संदेश वाचायचा, एवढं आपलं काम.

आता तुमच्या आईवडिलांपुरतं बोलू. ५ लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून असते, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतली एका नावाची सगळी खाती एकत्र धरली जातात. बचत खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव, सगळं त्यात आलं. म्हणून मुद्दल साडेचार लाखांच्या आतबाहेर ठेवलं की व्याजालाही जागा राहते. आईच्या एकटीच्या नावाची ठेव, वडिलांच्या एकट्याची, आणि दोघांची संयुक्त, या तीन वेगळ्या हक्कांत धरल्या जातात आणि प्रत्येकीला वेगळा विमा मिळतो. हप्ता बँक भरते, तुम्हाला काही द्यावं लागत नाही.

वडील बँकेचे सभासद असतील तर त्यांना वार्षिक सभेचा अहवाल मिळायला हवा. त्यात मी सर्वांत आधी भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण बघतो, म्हणजे बँकेनं दिलेल्या कर्जांच्या मानानं तिचं स्वतःचं भांडवल किती आहे. ते मागच्या तीन वर्षांत घसरत आलं असेल, तर त्याच पानावर लिहिलेला नफा माझ्या लेखी फारसा मोजण्यासारखा नाही. मग निव्वळ, म्हणजे तरतूद वजा करून उरलेल्या, थकीत कर्जाचं प्रमाण, आणि मग सभेची तारीख. वार्षिक सभा वारंवार पुढे ढकलली जात असेल तर मला चैन पडत नाही. आजूबाजूच्या बँकांपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज देणारी बँकही त्याच यादीत. इतकं व्याज देण्यासाठी ती कुणाला आणि किती दरानं कर्ज देत असेल, हे वार्षिक सभेत उभं राहून विचारायचा सभासदाला हक्क आहे. विचारणारा एक जरी उभा राहिला तरी संचालक पुढच्या वर्षी कागद नीट करून आणतात, हे मी पाहिलं आहे.

या आठवड्यात सगळ्या पावत्या काढून एका कागदावर मांडा. नाव, संस्था, रक्कम, मुदत संपण्याची तारीख आणि पुढे एक रकाना: रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे की नाही. पतसंस्थेच्या ओळीत तो रकाना रिकामा राहील. तिथली ठेव मोडून व्याज घालवायची घाई करू नका, पण मुदत संपेल तेव्हा ती आपोआप पुढे सरकणार नाही, असं आजच लेखी देऊन ठेवा. प्रत्येक पावतीवर नामनिर्देशन आहे का ते पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीवर चार जणांपर्यंत नावं देता येतात. केवायसी जुनं झालं असेल तर ते करून घ्या आणि दुसऱ्या एखाद्या बँकेत दोघांचं साधं बचत खातं चालू ठेवा. निर्बंध लागले तर विम्याचे पैसे मिळण्यासाठी ठेवीदाराला संमतीपत्र आणि पर्यायी खात्याचा तपशील द्यावा लागतो, आणि ज्येष्ठ लोकांची धावपळ होते ती तिथेच.